बारा खेपा

रात्रीचे दोन. सावद्याच्या वजनकाट्यावरून
दिल्लीची एक गाडी मोजून गेली,
दुसरी अजून बागेतच भरते आहे.
मधल्या वेळात मी खिशातून काढतो
पोराचं ते यंत्र, तळहाताएवढं.
आठ दिवस खेळला, मग दप्तराच्या तळाशी टाकून दिलं त्यानं.
आत सहा-सातशे जुने गेम आहेत म्हणे.
मी एकच शोधत होतो,
ज्याचं नावच मला माहीत नव्हतं.

नाव जपानीत होतं. आम्ही म्हणायचो कंदिल्या.
हातात कंदील धरलेला बुटका माणूस,
या ओट्यावरून त्या ओट्यावर उडी,
खाली काटे, खाली काळं पाणी,
वाटेत तेलाचे थेंब वेचायचे, नाहीतर कंदील विझतो
आणि पुढचा ओटा कुठे आहे ते कळत नाही.

लीलाधर बोंडेच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात
मागच्या खोलीत, दोन रुपयांत अर्धा तास.
मे महिना, टीव्हीवर ओलं फडकं,
कारण टीव्ही तापला की कंदिल्या हिरवा पडायचा.
कॅसेट फुंकून लावायची. फुंकायचा मान मुबारकचा.
मुबारक तडवी, चिनावलहून सायकलीवर यायचा,
दोन रुपये माझे, अंगठे त्याचे,
मी नुसता ओरडायचो,
"उडी मार ना भो, उडी!"

पाचव्या टप्प्यापुढे आम्ही कधी गेलोच नाही.
तिथे पोचलो की लाईट जायची.
लीलाधर अंधारातून म्हणायचा,
"पैसे बोर्डाकडून घ्या."

अशाच एका अंधारात
मुबारक माझ्या कानाशी आला. केळीच्या चिकाचा वास.
"तिसऱ्या विहिरीपाशी डावीकडं तोंड करायचं
आन् बारा खेपा वाकायचं. भित सरकते.
मांगं जायाचा रस्ता हाये. कोनाले सांगू नको."
"तू पाह्यला?"
"मंग!"

त्या गेममध्ये मागे जाता येत नाही.
पडद्याची डावी कड पाठीला लागलेलीच असते,
ढकलत नेते.
म्हणून तर मी तीस वर्षं कोणाला सांगितलं नाही.

या यंत्राला लाईट लागत नाही.
वर एक बटण आहे, दाबून धरलं की वेळ उलटी फिरते,
बुडालेला कंदिल्या पाण्यातून वर येतो,
कोरडा होतो, ओट्यावर उभा राहतो, जणू काही झालंच नाही.
पहिल्यांदा लाज वाटली.
नंतर मी ते इतक्या वेळा दाबलं की मोजलं नाही.

तिसरी विहीर. डावीकडे तोंड.
एक, दोन, तीन.
सातला बाहेर हॉर्न.
गाडी काट्यावर, ड्रायव्हर झोपेत, क्लीनर पावती मागतो,
सोळा टन चारशे. सही. चहा आहे का? नाही.
परत आलो तर कंदिल्या तसाच
अर्धा वाकून थांबलेला.
सात झाले होते की आठ?
पुन्हा पहिल्यापासून.

बारा.

भिंत ती भिंत.
उजेडाला आलेला एक किडा
तिच्यावरून सरळ चालत गेला.

मुबारक आता सुरतेला असतो, डाईंग मिलमध्ये, रात्रपाळी.
चार वर्षांत आमचं बोलणं नाही,
ईदेला मी चंद्र पाठवतो, दिवाळीला तो पणती.
मी लिहिलं, "बारा की तेरा?"
बाकी काही नाही. कोण, कुठला, काहीच नाही.

पावणेचारला फोन थरथरला.

"पंधरा. आन् कंदील इझेल पाह्यजे."

काट्यावर आत्ता कोणी नाही,
लाल आकडे शून्यावर आलेत, मध्येच दहा किलो दाखवतात,
वारा असेल, किंवा कुत्रं.
कंदिल्या विहिरीपाशी उभा आहे.
वरच्या ओट्यावर तेलाचा थेंब चमकतो, एका उडीच्या अंतरावर.
मी बटणावरून अंगठा काढून घेतलाय.
ज्योत बारीक होते आहे.