सुटी रात्र

अझिलिस झोपेचे तुकडे करते आहे.
वीस वीस मिनिटांचे सहा,
दर चार तासांनी एक.
अंडी उकडायचा टायमर, पिवळी कोंबडी,
माझ्या आईनं लग्नात दिलेली,
उशाशी टकटकते.

सप्टेंबरात ती शिडाच्या होडीतून
एकटी अटलांटिक ओलांडणार आहे.
मी दुआर्ननेच्या शाळेत भूगोल शिकवतो,
दहाला आडवा होतो, सहाला उठतो,
मधल्या प्रदेशाविषयी मला काही ठाऊक नाही.
नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तिनं कॉफीत मीठ घातलं.
नवव्या दिवशी खुंटीवरच्या रेनकोटाशी
बराच वेळ वाद घातला,
आणि मला वाटतं, हरली.
वहीत नोंद: ३.४०. स्वप्न लगेच आलं,
दार न ठोठावता, बूट न काढता.

"आज वार कोणता?" मी विचारतो.
"वार बदलायला मध्ये अख्खी रात्र लागते," ती म्हणते,
"माझी मी मोडून सुटी केली."

तीन वाजता बेकरीच्या मागल्या दाराशी उभी राहते.
गोल्वेन तिला पावाची करपलेली टोकं देतो.
दोघं बोलत नाहीत.
या गावात माझी एकोणीस वर्षं गेली,
त्या गावात मी कधी गेलो नव्हतो.

मग बाविसाव्या दिवशी, भर दुपारी, बंदरावर,
मासळीच्या रिकाम्या खोक्यांना टेकून
तिचा डोळा लागला.
कोंबडी घरी राहिली होती.

लिलाववाल्यानं आवाज खाली आणला.
म्हाताऱ्या केर्वेलाबाईंनी अंगावरची शाल काढून घातली.
पोरांनी सायकली उचलून पलीकडे नेल्या.
कुणीतरी समुद्रपक्ष्यांनाही हुसकलं, हलक्या हातानं.
साडेचार तास सगळं बंदर चवड्यांवर चाललं.
शाळा सुटल्यावर मी आलो, पहाऱ्याला उभा राहिलो,
कसला खूश होतो.

ती उठली.
शालीकडे पाहिलं, मग ऊन कुठवर सरकलं ते,
आणि तिचा चेहरा पांढरा पडला.
"सगळ्यांनी मिळून बुडवलंत मला," ती म्हणाली.
"तेलाची जहाजं चवड्यांवर चालत नाहीत, यान.
ती वळतसुद्धा नाहीत."

केर्वेलाबाईंची शाल मीच परत नेऊन दिली.
काय झालं, त्यांनी विचारलं नाही.

त्या रात्री कोंबडी खणखणली.
अझिलिस हलली नाही.
गाल उशीत रुतलेला, तोंड किंचित उघडं.
मी दिवा लावला.
खांदा धरून तिला गदागदा हलवलं,
एकदा,
मग आणखी जोरात.