ज्योत हलू नये

कुताइसीत जानेवारी. वीज दुपारीच गेली.
त्सिआलाच्या खोलीत दोन मेणबत्त्या,
चर्चमधल्या, पातळ, पिवळ्या,
एक उजेडाला, एक धड्याला.

समोर वार्लाम. रिओनीच्या धरणावर
एकतीस वर्षं दारं उचलणारा, पाडणारा माणूस.
ऑक्टोबरात डोक्यात कुठेतरी
केसाएवढी रक्तवाहिनी फुटली
आणि तोंडातली सगळी दारं उघडीच राहिली.
भूक लागली की आ. राग आला की आ.
बायकोला हाक मारायची तर ए, आ, इ, आ,
काठ नसलेली नदी.

आपण म्हणतो, स्वर गेला की व्यंजनाचा पाय मोडतो.
याचं उलटं झालं होतं:
पाय होते,
चालणारा नव्हता.

त्सिआला म्हणते, हवा फुकट आहे.
ती कुठे अडवायची, किती वेळ,
आणि सोडायची कशी, एवढंच बोलणं.
तुला काय सांगायचं, तू तर धरणावरचा.

ती त्याची बोटं आपल्या गळ्यावर ठेवते.
स. गळा गप्प.
झ. आत मधमाशी.
स. झ. स. वार्लाम डोळे मिटून ऐकतो, बोटांनी.
मग त, जिभेचं टोक दातांमागे टेकवून.
मग न: जीभ तिथेच, गळ्यात मधमाशी,
फक्त नाकाकडची मागची खिडकी उघडी.
तो खिडकी उघडतो आणि शिंकतो.

बेडूक म्हणजे बाक़ाक़ी.
तो क़ अगदी मागे, पडजिभेपाशी फुटतो.
तिथवर जीभ नेताना त्याला इतका खोकला आला
की पेलागियाने पाण्याचा पेला आणला
आणि बेडूक उद्यावर गेला.

पेलागिया कोपऱ्यात बसते.
काडेपेटीतल्या काड्या मोजते. परत मोजते.
तिच्याच नावाचं अडलंय.

कारण या भाषेत ओठांवरची दोन दारं जवळजवळ सारखी.
एक फुंकरीचं: फ.
दुसरं कोंडलेलं.
त्यासाठी ओठ मिटायचे, आणि खाली गळ्यातली झडपही.
मधे उरते चिमूटभर हवा,
फुफ्फुसाशी संबंध तुटलेली.
गळा किंचित वर उचलायचा, तिला दाबायचं,
आणि ओठ सोडायचे.
टप्प. बाटलीच्या बुचासारखं.
पेलागियातला प हा असा.

म्हणून ही मेणबत्ती, ओठांपासून वीतभर.
फ म्हटला की विझते.
कोंडलेला प म्हटला
तर तिला कळतही नाही.

फेलागिया, म्हणतो वार्लाम. अंधारते.
काडी.
फेलागिया.
काडी.
अकराव्यांदा तो मेणबत्तीवरच ओरडतो,
नुसत्या स्वरांत, पण शिवी होती हे सगळ्यांना कळतं.

मग त्सिआला म्हणते, राहू दे. दार पाड.
पाणी चढू दे. वर बघू नकोस, आवाज ऐक.
तो ओठ मिटतो.
त्याच्या मानेतली गोटी वर सरकते,
एवढीशी, दाढीच्या खुंटांतून.
खोलीत कुणीच श्वास घेत नाही.

टप्प.
एलागिया मागाहून आलं, लंगडत, ग थोडा घसरला.
ज्योत सरळ.
जराही नाही हलली.

आणि कोपऱ्यातून उठून जवळ आलेली पेलागिया,
कधीपासून धरून ठेवलेली हवा
एकदम सोडते:
ह्ऽऽ
कुठेही न अडलेला, दार नसलेला.
एक मेणबत्ती विझते, मग उजेडाचीही.

काळोख.
स्वेटरची सळसळ. खुर्ची सरकते.
मग त्याचा आवाज, कुणी न शिकवलेला शब्द,
कामावरच्या माणसाच्या सुरात:
असान्थी.
काडेपेटी दे.

त्सिआला अंधारात बोटं मोजते.
स. न. थ.
न थोडा नाकातच राहिलाय.
चालेल.