असू दे

ॲबर्डीनच्या तळघरात, खोका क्रमांक एकोणीस.
चिठ्ठ्या टपालाने येतात, धुक्याने एकमेकींना चिकटलेल्या.
एफी टलॉक त्या बोथट सुरीने सोडवते
आणि दोन ढीग लावते:
सिसिफसच्या नावाचं विशेषण
कुणी ‘ई’ घालून लिहिलंय, कुणी ‘आय’ घालून.
‘ई’च्या बाजूला एक्केचाळीस, ‘आय’च्या अडतीस.
दुपारच्या टपालाने ‘आय’ला आणखी चार.
“आता काय?” मी विचारतो.
“आता चहा,” ती म्हणते.

मर्क्युरीचं विशेषण हल्ली लहरी माणसांना लावतात,
त्याच्या टाचांचे पंख कधीच झडले.
टँटलसचं तर क्रियापद झालं, केकच्या जाहिरातीतलं;
गळाभर पाण्यात तहानेला उभ्या माणसाला
कोण विचारतो?

नवे संपादक, मिस्टर पेनीकुक, जिन्यावरूनच सांगतात:
वापरून गुळगुळीत झालेत त्यांचं कॅपिटल काढा.
मला यातलं दुःख नीट कळत नाही.
माझ्या लिपीत देवालाही मोठं अक्षर नाही,
भगीरथ काय, भाजीवाला काय,
डोक्यावर रेघ तेवढीच.

एफी सगळ्यांची कॅपिटलं काढते. एकापाशी थांबते.
हर्क्युलिस.
“हा माझा भाऊ.”

शेटलंडला बापाने सांगितलं होतं हाकी,
आजोबांचं नाव, बोटीवर हाक मारायला सोपं.
पाद्रीबुवांना ते रानटी वाटलं.
वहीत त्यांनी हर्क्युलिस लिहिलं
आणि दम्याचं पोर त्या नावाखाली वाढलं,
किटली दोन्ही हातांनी उचलणारं.
शाळेत रोज कुणीतरी धोंडा दाखवायचं: उचल की रे.
एकतिसाव्या वर्षी गेला, मार्चमध्ये.
पाथरवटाने शेवटच्या ‘ई’च्या जागी ‘आय’ कोरला.

आई म्हणाली, दगड बदलून घेऊ.
एफी तेव्हा नुकती प्रुफं तपासायला शिकली होती:
खोडलेलं तसंच ठेवायचं, तर खाली ठिपके द्यायचे.
तिने अंगठा ओला करून
ग्रॅनाइटवर, नावाखाली, ठिपके दिले.
वाऱ्याने लगेच वाळले.

आज पेन्सिलीने देते, एका मोठ्या अक्षराखाली.
पेनीकुक बघतात, चष्मा पुसतात, वर जातात.

मग ती पुन्हा मोजायला बसते.
एक चिठ्ठी कुठल्याच ढिगात बसत नाही.
लिहिणाऱ्याने नेमका तिथेच
शाईचा डाग पाडलाय.