बोहुमीरचा धंदा

खाण बंद झाली त्या हिवाळ्यात
नवऱ्याने न्हाणीघरात काचेच्या अकरा पेट्या मांडल्या.
हाविर्झोव, आठवा मजला.
खिडकीतून पूर्वी खाणीच्या पाळण्याची चाकं फिरताना दिसायची.
आता मनोरा आहे, चाकं आहेत,
फिरणं नाही.

उंदीर नव्हेत, तो म्हणतो, जर्बिल.
शेपटीला केस आहेत बघ, टोकाला झुबका.
मी म्हणते, झुबका लावला की उंदराचा साहेब होतो का?
खालच्या वाव्रोवाबाई तर नावही घेत नाहीत,
लिफ्टमध्ये नाकाला रुमाल लावतात, एवढंच.

त्याची एक वही आहे. निळी, खाणीच्या हजेरीतली उरलेली.
पेटी चार. मादी राखी, नर मोतिया. पिल्लं सहा.
दुसऱ्या दिवशी सहावर काट मारून पाच.
एकाचं काय झालं ते आईला माहीत,
तो लिहीत नाही.

चोवीस-पंचवीस दिवसांत विते मादी.
पिल्लू म्हणजे बोटाचं पेर, गुलाबी, आंधळं,
प्यायलेलं दूध कातडीतून पांढरं दिसतं.
अठराव्या दिवशी डोळे उघडतात
आणि जगात पहिलं दिसतं ते आमचं गीझर.

दिवसभर उकरतात. भुशात बोगदे, बोगद्यांना फाटे.
हा गुडघ्यावर बसून काचेला कान लावतो.
छताला टेकू देत नाहीत गं, म्हणतो,
आणि टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्या
एकेक करून आत सरकवतो.
पुठ्ठा ते रात्रीत कुरतडून टाकतात.
सकाळी हा नवी नळी घेऊन हजर.

एखाद्याला धोका वाटला की तो मागचा पाय आपटतो, धप् धप्,
आणि अकराच्या अकरा पेट्या गप्प.
हासुद्धा गप्प. दाढीचा साबण तसाच गालावर.

पेटी सातमधली मादी मेली.
नर एकटा राहिला की झुरतो, परकी आणून सोडली तर रक्त निघतं.
म्हणून मध्ये जाळी लावायची.
ही इकडे, तो तिकडे,
आणि रोज जागा बदलायच्या:
त्याच्या घरट्यात ही, हिच्या घरट्यात तो,
एकमेकांच्या वासात झोपवायचं.
मग एक दिवस जाळी उचलायची आणि हातात जाड मोजा घालून बघत राहायचं.

त्याने हे सगळं मला समजावलं, जणू मला नवीन होतं.
एकतीस वर्षं तो रात्रपाळीला, मी पहाटे शाळेच्या स्वयंपाकघरात.
मी उठायचे, तो येऊन माझ्या उबेत आडवा व्हायचा.
संध्याकाळी उशीला कोळशाचा वास.
त्या वासाशी माझं कधी भांडण झालं नाही.
आता माणूस दिवसभर घरात,
आणि साखरेचा डबा कुठे ठेवायचा यावरून
आम्ही दातांवर येतो.

पाळायला न्यायचं तर दीडशे कोरुना.
सापासाठी मागायला येतात, त्यांना तो दारातूनच परतवतो.
पण फेब्रुवारीत विजेचं बिल आलं,
आणि तो छातीच्या डॉक्टरकडे गेला असताना
राडिम नावाचा पोरगा आला,
अजगर आहे म्हणाला, अगदी सभ्य पोरगा, बूट पुसून आत आला.
मी तीन दिले. मोतिया.
हातात घेताना त्यांची धडधड
माझ्या अंगठ्यात शिरली, अजून आहे तिथे.
वहीत लिहिलं: तीन, पाळायला.

रात्री त्याने वही उघडली.
बराच वेळ बघत राहिला.
माझा तीन असा वळत नाही, म्हणाला.
मी बशा पुसत राहिले, पुसलेल्याच.
बिल भरलं? त्याने विचारलं.
भरलं.

मग न्हाणीघरात कुणीतरी पाय आपटला.
सगळे थांबले.
आम्हीही.