तिला कळू द्यायचं नाही

स्विंडनहून ज्योवितोचा फोन आला, रात्री साडेअकराला.
मास्तर, म्हणाला. मी मास्तर नव्हे, पोस्टमास्तर, तोही निवृत्त,
पण असोळण्यात एवढा फरक कोण करतो.
एस्पेरान्साबायचं नाव द्यायचंय, राजाच्या पदकासाठी.
ओळखणाऱ्यांची दोन पत्रं लागतात.
एक इथल्या पाद्रीनं दिलं. दुसरं तुम्ही लिहा.
आणि तिला कळू द्यायचं नाही.

मी हसलो. आमच्या वाड्यावर कुणाच्या तव्यावर बांगडा पडला
ते तिसऱ्या घराला वासावरून कळतं.
गुपित ठेवायचं तरी किती दिवस?
दीड वर्ष, म्हणाला. कधी जास्तच.
अर्ज आधी एका कचेरीत, मग चौकशी,
कर भरला का, कुठे पोलीस, कुठे भांडण,
मग एक समिती, तिच्यावर मोठी समिती,
मग प्रधानमंत्री, मग राजा.
एवढ्या सह्या आमच्या पुलालाही लागल्या नव्हत्या.
आणि माणूस जिवंत हवं, मास्तर. मेल्यावर देत नाहीत.

हे मात्र मला आवडलं.
आमच्याकडे मेल्यावरच सुरू होतं सगळं,
फोटो, हार, रस्त्याला नाव.

कागद घेऊन बसलो.
विशेषणं नकोत, त्यानं बजावलं होतं, दाखले हवेत.
काय केलं, कधीपासून, कुणाकुणासाठी,
आणि ती नसती तर काय अडलं असतं.

ती नसती तर.
सत्याऐंशी साली ती माझ्या खिडकीशी उभी होती.
नवरा तार्वटी, मुंबईच्या कचेरीतून मनीऑर्डर आलेली,
सही कुठे करायची कळेना.
मी कागदावर बोट ठेवलं.
तिनं पेन टेकवलं ते बोटावरच.
निळा ठिपका दोन दिवस गेला नाही.

तीच बाई आता रात्रभर गोदामात खोकी भरते
आणि सकाळी जेवणाच्या टेबलावर मांडते लोकांचे फॉर्म.
काणकोणचा पोर, केप्याची गरोदर सून,
डॉक्टर, शाळा, घरभाडं.
एकोणीस वर्षं.
मोबदला म्हणून कुणी सोलं देतं, कुणी चोरिसांची माळ.
इंग्रजीत हे चार ओळींत बसलं.
बोट बसलं नाही.

पदकाच्या नावात साम्राज्य असा शब्द आहे.
तिथे अडलो दोन दिवस.
आमच्यावर राज्य केलं ते दुसऱ्यांनी, साडेचारशे वर्षं.
यांचं साम्राज्य आमच्या घाटापलीकडे सुरू व्हायचं.
आता तेही गेलं, शब्द राहिला,
रिकाम्या डब्यावर बिस्किटांचं नाव राहतं तसा.
आमच्या घरी त्या डब्यात सुईदोरा असतो.
तिलाही सापडेल काहीतरी ठेवायला, म्हटलं,
आणि पाकीट चिकटवलं.

पंधरा महिने गेले. नोव्हेंबरात तिचाच फोन.
मास्तर, नदीत खुबे आले?
काय भाव?
तीस वर्षांत तिनं मला कधी भाव विचारला नव्हता.
म्हणजे ते पत्र पोचलं असणार,
खाजगी, स्वीकारणार का नाही विचारणारं,
यादी छापेपर्यंत कुणाजवळ बोलू नये असं सांगणारं.
वाट्याला दोनशे, मी म्हटलं.
महाग झाले, ती म्हणाली.
मग ती गप्प, मी गप्प,
तिचं गुपित तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी,
आणि दोन्ही एकच.
मागे तिच्याकडे किटली शिजत होती, शिट्टीपर्यंत ऐकली मी.

शेवटी म्हणाली, एक विचारते.
फॉर्मवर होय आणि नाही अशा दोन चौकटी असल्या
आणि दोन्ही खऱ्या वाटल्या,
तर खूण कुठे करायची, मास्तर?

मी बोट पुढे केलं.
इकडे ओसरीवर काळोख होता,
बोटाखाली काहीच नव्हतं.