पार्ट नंबर बंद

मेल दोन ओळींचा होता.
सदर पार्ट मार्चअखेर बंद. शिल्लक माल उचलला जाणार नाही.
मी तो आधी मनात वाचला,
मग तोष्णीवाल शेठना वाचून दाखवला,
मग ऐंशी टनी प्रेसपाशी जाऊन
इनायत उस्तादांच्या उजव्या कानात ओरडून सांगितला.
डाव्या कानानं वाळूजमध्ये
केव्हाच राजीनामा दिलाय.

काय बनवायचो आम्ही?
गाडीचा सायलेन्सर धरून ठेवणारी पट्टी.
तळहातात मावेल एवढी, दोन भोकं, एक वाक,
आणि वाकाच्या पोटात बारीकशी खाच.
ही खाच आधी ड्रॉइंगमध्ये नव्हती.
पट्टी तिथंच तडकायची. कंपनीचे साहेब तीनदा आले,
चहा पिऊन गेले.
एका रात्रपाळीत उस्तादांनी डाय उघडली,
कानस घेतली,
गव्हाच्या दाण्याएवढी जागा करून दिली लोखंडाला.
पुढच्या महिन्यात नवं ड्रॉइंग आलं, रिव्हिजन सी.
त्यात खाच होती.
कोपऱ्यातल्या चौकटीत सह्या होत्या चार,
चारही पुण्याच्या.

गंमत बघा,
रस्त्यावर गाडीनं आवाज करू नये
म्हणून आम्ही दिवसाला नऊ हजार वेळा
धाडकन आवाज करत होतो.
रांजणगावच्या पत्र्याच्या खोल्यांतली लेकरं
त्या ठोक्यावर झोपायची.
लाईट गेली की ठोका थांबायचा,
आणि ती दचकून उठायची.

आता गाडीलाच आवाज नाही.
मांजरीसारखी मागं येऊन उभी राहते.
शेठनी कर्ज काढलं, बॅटरीच्या ट्रेची ऑर्डर धरली,
आणि ऐन मे महिन्यात
लाकडी खोक्यातून एक पिवळा हात आला.
खोक्याच्या फळ्यांचं शेषराव वॉचमननं
संध्याकाळपर्यंत कोंबड्यांचं खुराडं केलं.
शेडमधला पहिला नवा उद्योग तोच.

मला आठ दिवस चाकणला धाडलं.
रोबोला शिकवावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं.
त्याचा हात धरायचा, एकेक बिंदू दाखवायचा,
इथं थांब, इथं वळ, इथं ठिणगी.
अंगणवाडीत पाटीवर ग गिरवून घ्यायची माझी आई,
तसंच.
हा फक्त खडू खात नाही.

तरी दर चाळिसावी ट्रे कोपऱ्यात फुटायची.
हेल्पलाइनवरचा पोरगा म्हणाला, अपडेट मारा.
मारला. एकोणचाळिसावी फुटली.
उस्ताद हिशेबाचे पैसे न्यायला आले होते,
पिशवी खाली ठेवून
नुसता तळवा टेकवून उभे राहिले टेबलावर,
ताप बघतात तसे.
सहा ट्रे झाल्या, सात झाल्या.
"द्वारका," म्हणाले, "ये हाथ अच्छा है.
लेकिन कोने में दम लेने का इसकू नै मालूम.
भागताय."

मी बिंदू सतरावर
अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी थांबा टाकला.
थांब्याला नाव द्यावं लागतं, स्क्रीन विचारते.
मी 'इनायत' टाइप केलं
आणि सेव्ह केलं, पाठीमागं कुणी नाही बघून.
पुढचा अपडेट ते ठेवील की पुसील, माहीत नाही.
ट्रे फुटत नाहीत, एवढं माहीत आहे.

उस्ताद आता महिन्यातून दोनदा येतात, व्हाउचरवर.
व्हाउचरवर कामाचं स्वरूप लिहावं लागतं.
अकाउंटवाली लिहिते : किरकोळ.
जुनी डाय रॅकवर पडून आहे, ग्रीस फासलेली.
भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला,
शेठ अजून हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

काल सुट्टी झाल्यावर गेटबाहेर
मी त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं.
मागून स्कूटर आली होती, बिनआवाजाची, नवीकोरी.
ते हसले. डाव्या कानावर टिचकी मारली.
"डर मत बेटा,
इस कान कू तो सारी गाड्या
पैलेसेच बॅटरी की हैं."