मांजर

डिंगणकरांच्या सुनेचं मंगळसूत्र खेचलं
भर दुपारी, चारकोपच्या भाजी मार्केटपाशी,
तेव्हा सोसायटीने रविवारी चारला शिबिर ठेवलं.
ऑफिसमागच्या हॉलमध्ये,
गेल्या गणपतीचं मखर भिंतीला सारून,
आम्ही चौदा जणी. धड गुडघे मोजून नऊ.

हर्षल सर. वय बावीस. ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत.
म्हणाले, मावशी, घरातली प्रत्येक वस्तू हत्यार आहे,
फक्त नजर पाहिजे.
टेबलावर हळदीकुंकवाचं वाण मांडावं तसं मांडलेलं:
छत्री, किल्ल्यांचा जुडगा, पावडरचा डबा, कुकरचं झाकण.
छत्री उघडायची नाही. टोक पुढे, पोटात.
पावडर डोळ्यांत. मग पळायचं.
'पळायचं' वर आम्ही हसलो.

मुणगेकरबाईंनी विचारलं, तिखट चालेल का?
चालेल, पण वारा बघून.
मग ब्याडगी की संकेश्वरी, यात दहा मिनिटं गेली.
ब्याडगीला नुसता रंग, चोर लाल होईल फक्त.

सरांनी विचारलं,
कुणी कधी वापरलंय का काही? म्हणजे, खरोखर?

सालसकरबाई शेवटच्या खुर्चीत.
त्यांची माझी भिंत एक. एकतीस वर्षं.
म्हणाल्या, मांडणी.
मांडणी?
भांड्यांची. खालून धरून ओढायची.
सगळं येतं. ताटं, वाट्या, तांबे,
सासूबाईंचं नाव घातलेली परात.
मारायला नाही हो.
आवाज होतो. आवाज झाला की माणूस थांबतो.
लोक उठतील असं वाटतं त्याला.

सर म्हणाले, व्हेरी गुड, म्हणजे अलार्म.
टाळ्या झाल्या.
त्यांना वाटलं, चोर.

रात्रीचे दीड, कधी दोन.
पलीकडे धाडकन व्हायचं,
मग एखादी वाटी बराच वेळ स्वतःभोवती फिरत राहायची,
मग काही नाही.
हे कूस बदलून म्हणायचे, मांजर.
सकाळी पाणी भरताना मीच विचारायची,
काय हो, मांजर शिरलं होतं?
त्या म्हणायच्या, हो ना. दूध गेलं सगळं.
त्या दिवशी बादली डाव्या हाताने उचलायच्या.

आमच्या ओळीत मांजर कधीच नव्हतं.
मला मांजराच्या केसांनी दमा उठतो.
असतं, तर सगळ्यांत आधी मला कळलं असतं.

सालसकर गेले त्याला सात वर्षं झाली.
तेरा दिवस मी डबा दिला.
चौदाव्या दिवशी बाईंनी सुतार बोलावून
मांडणी भिंतीत पक्की करून घेतली, सहा स्क्रू.
ड्रिलने माझ्या बाजूचा पोपडा पडला.
मी म्हटलं, आता कशाला हा खर्च?

काल रात्री झोप येईना.
ओट्यावरची परात सोडून दिली. मुद्दाम.
बघावं म्हटलं, इकडून कसं ऐकू येतं.
पडली, उठली, फिरत फिरत
फ्रिजच्या पायाशी जाऊन निजली.
ह्यांचं कानाचं यंत्र डबीत.
समोरच्या ओळीत दिवा लागला नाही.
मी अंधारात आकडे मोजत उभी.
कितीपर्यंत मोजायचं असतं
ते काही शिबिरात सांगितलं नव्हतं.

चाळिसाच्या पुढे कुठेतरी बेल वाजली.

सालसकरबाई. गाऊन उलटा, चष्मा नाही.
दोन्ही हातांत वरवंटा,
बारशाला पाळण्याखालून देतात तसा, सांभाळून.
धापा टाकत होत्या.
माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाल्या,
कुठाय?